कोऱ्या पायथनला अनावृत पत्र

प्रिय पायथन,

पत्रास कारण की, तुझ्यावरून आमच्या घरात दोन तट पडले आहेत.

सासरे गेले आणि मृत्युपत्राप्रमाणे नवऱ्याच्या वाट्याला तू आलंस. १९७०च्या दशकातलं कोल्ट पायथन रिव्हॉल्वर, सहा इंची नळी, .३५७ मॅग्नम, मूळ पुठ्ठ्याच्या डब्यात, माहितीपत्रकासकट. ओहायोत पिस्तुलाची सरकारदरबारी नोंदणी नसते. त्यामुळे भांड्याकुंड्यांच्या खोक्यांबरोबर मोटारीत बसून तू आमच्याकडे आलंस. माझ्या माहेरी, साताऱ्याकडे, निवडणूक लागली की परवान्याची बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायला लावतात, आणि वारसाला स्वतःचा परवाना काढावा लागतो. इथे कुणी हटकलंसुद्धा नाही. ते मला अजून पचलेलं नाही. पण तो तुझा दोष नव्हे.

प्रश्न असा की सासऱ्यांनी तुला कधीच वाजवलं नाही. आता आम्ही वाजवायचं की तसंच ठेवायचं? नवरा म्हणतो, ठेवू. धाकटा दीर म्हणतो, रेंजवर नेऊ. माझ्या आईने फोनवर तिसराच मार्ग काढला: खंडेनवमीला पाटावर मांड आणि हळदकुंकू वाहा. पूजा करीन, पण हळदकुंकू तुझ्या अंगाला लागू देणार नाही.

कारण तुझं सगळं मोल त्या अंगावर आहे. कोल्टच्या हार्टफर्डच्या कारखान्यातले कारागीर तुझं पोलाद फिरत्या चाकांवर हाताने धरून इतकं घोटायचे की त्यात खिडकीचे गज सरळ दिसतात. मग त्यावर ‘रॉयल ब्लू’ चढवायचे. तो रंगाचा लेप नाही, पोलादाच्याच पृष्ठभागावर घडवलेली निळाई आहे. उजेडात निळी, सावलीत जवळजवळ काळी. घामेजलेलं बोट लागून तसंच राहिलं तर तिथे गंज धरतो. सासऱ्यांना हे पक्कं ठाऊक होतं. त्यांनी तुला चामड्याच्या म्यानात कधी ठेवलं नाही, कारण चामडं ओल धरतं.

तुझा जन्म मात्र काचेच्या कपाटासाठी झाला नव्हता. १९५५ साली पायथन बाजारात आलं तेव्हापासून लोकांनी ते वापरलं. कोलोराडो आणि जॉर्जियाच्या राज्य पोलिसांनी कमरेला लावलं. कोल्टने १९९९मध्ये नेहमीचं उत्पादन थांबवलं, २००५पर्यंत मागणीनुसार थोडी बनवली, आणि मग भाव चढू लागले. ‘द वॉकिंग डेड’ मालिकेच्या नायकाच्या हातात पायथन दिसल्यावर ज्यांनी आयुष्यात कधी चाप ओढला नव्हता तेही चौकशी करू लागले. आज तुझ्यासारख्या कोऱ्या नगाला वापरलेल्यापेक्षा चांगलीच जास्त किंमत मिळते.

पण कोरं म्हणजे किती कोरं? कारखान्यातून निघण्याआधी तुझ्यातून चाचणीच्या गोळ्या झाडल्या गेल्याच असणार. आणि काल दिव्याखाली तुझं चक्र भिंगातून पाहिलं, तर त्यावर घेराभोवती केसाएवढी बारीक रेघ आहे. घोडा मागे ओढला की चक्र फिरतं, खालची खिटी त्यावर घासत जाते आणि खाचेत बसते. एकदोनदा फिरवून एवढी रेघ उमटत नाही. म्हणजे सासरे दार लावून तुला रिकामं चालवत होते! चाप ओढत होते, खटक्याचा आवाज ऐकत होते. काटेकोर संग्राहकाच्या लेखी त्या रेघेने तुझी किंमत तेव्हाच उतरवली आहे. मला मात्र ती रेघ पाहून सासरे एकदम आवडले.

दिराचं म्हणणं असं की वस्तू वापरली नाही तर खराब होते. हे तुझ्या बाबतीत खरं नाही. घडीत पडून राहिलेली पैठणी घडीवर फाटते; तू तेलाचा हात फिरवला की आणखी शंभर वर्षं तसंच राहशील. उलट, वाजवल्यानेच झीज होते. चक्र पुढे ढकलणारा तुझा पंजा चाप दाबलेला असेपर्यंत चक्राला घट्ट दाबून धरतो. नेम चांगला लागतो तो त्यामुळे, आणि तोच पंजा झिजला की चक्र वेळेवर खाचेत बसत नाही. ते बसवून देणारे जुने कारागीर आता शोधावे लागतात. नुसती हौस भागवायची असेल तर कोल्टने २०२०मध्ये नवं स्टेनलेस पायथन काढलं, तेव्हा त्याची किंमत १,४९९ डॉलर होती. हौसेला ते पुरे. आणि न वाजवण्याचा निर्णय केव्हाही फिरवता येतो, वाजवण्याचा नाही, हे नवऱ्याचं म्हणणं मला बिनतोड वाटतं.

तरी मी दिराच्या बाजूने आहे. तुझ्यावर कोरीव नक्षी असती, पहिल्या काही नगांपैकी तू असतंस किंवा कुणा नामांकिताला भेट दिलेलं असतंस, तर मी संग्रहालयाला पत्र लिहिलं असतं. तू यातलं काहीच नाहीस. तुझा कोरेपणा फक्त विकताना कामाला येतो, आणि तुला विकायचं नाही यावर घरात एकमत आहे. मग जे गिऱ्हाईक कधी येणारच नाही, त्याच्यासाठी आम्ही राखण का करायची? ‘एक दिवस मुलगी विकेल’ असं नवरा म्हणतो. मुलीला विचारलं. तिला तुझ्या किमतीत रस नाही. आजोबांनी घेतलं होतं ते कसं वाजतं, एवढंच तिला ऐकायचं आहे.

तेव्हा ठरलं ते असं. आधी जाणत्या कारागिराकडून चक्राची जुळणी तपासायची. तो नाही म्हणाला तर विषय संपला. हो म्हणाला तर रेंजवर .३८ स्पेशलची एकच पेटी. ती काडतुसं तुझ्या घरांत बसतात आणि धक्काही कमी देतात. मॅग्नम नाही. प्रत्येकाने सहा, कानांवर संरक्षण लावून. त्याच संध्याकाळी नळी आणि चक्राची सहाही घरं साफ करून, तेल लावून, कुलपाच्या कपाटात. पुठ्ठ्याचा डबा आणि कागद वेगळे जपू. आणि पुढेमागे कुणी तुला विकायला काढलंच, तर जाहिरातीत ‘कोरं’ लिहायचं नाही. ‘वापरलेलं’ असंच लिहायचं. तशी चिठ्ठी मी डब्यात ठेवली आहे.

तुझी,
घरातली सून