जुन्या ट्रकचे रंगकाम आणि जयणा

जुने वाहन दुरुस्त करून रंगवणे हा बहुतेकांच्या लेखी हौसेचा विषय आहे. श्रावकाच्या घरात मात्र त्यातून दोन प्रश्न उभे राहतात. ती वस्तू ठेवावी का, हा पहिला. आणि ठेवायची तर तिच्या रंगकामात जीवहिंसा कशी टाळावी, हा दुसरा.

गोंदिया जिल्ह्यातील चोरखमारा हे तलावाकाठचे गाव नागझिऱ्याच्या जंगलाला लागून आहे. तेथील धानाचा व्यापार करणाऱ्या एका जैन कुटुंबाच्या घरामागे आजोबांचा ट्रक कित्येक वर्षे उभा होता. त्याच्या नाकावर तीन टोकांचा तारा होता. टेल्को आणि डायम्लर-बेंझ यांचा करार १९५४ साली झाला व १९६९ साली संपला. त्यानंतर ताऱ्याची जागा ‘टी’ या अक्षराने घेतली. त्यामुळे कागदपत्रे न पाहताही ट्रकचे वय कळत होते. याच ट्रकने धानाची पोती गोंदियाच्या गिरण्यांपर्यंत नेली आणि घराला बरे दिवस दाखवले.

भंगारवाला भाव करून गेला, तेव्हा नातवाने ट्रक पुन्हा उभा करण्याचा हट्ट धरला. आजींनी नकार दिला नाही; त्यांनी आपली वही पुढे केली. परिग्रह-परिमाण घेताना आजी-आजोबांनी घरातील वाहनांची मर्यादा चार ठरवली होती, आणि पुढच्या पिढीनेही ती मानली होती. बंद पडलेला ट्रक त्या गणतीत नव्हता. तो चालू लागला की पाचवा होणार होता. कारण घरात तीन वाहने होती आणि चौथी, नवी मोटार, नातवानेच नोंदवली होती.

उपासकदशांग या श्वेतांबर आगमात आनंद श्रावकाने भगवान महावीरांसमोर घेतलेल्या व्रतांचे वर्णन आहे. त्याने पाचशे गाडे दूरच्या प्रवासासाठी व पाचशे मालवाहतुकीसाठी ठेवले आणि त्यापलीकडचे सोडले. संख्या मोठी होती. पण ती मोजलेली होती. आजींचे म्हणणे एवढेच होते की, आजोबांची आठवण ठेवायची तर आजोबांचे व्रत मोडून ठेवता येणार नाही. नातू दोन दिवस गप्प राहिला. तिसऱ्या दिवशी त्याने मोटारीची नोंदणी रद्द केली.

काम पावसाळ्यात सुरू करायचे नाही, हे सर्वांना मान्य झाले. चातुर्मासात जीवोत्पत्ती अधिक; शिवाय दमट हवेत इनॅमल लवकर वाळत नाही, त्यावर पांढुरकी झाक येते आणि खाली राहिलेला ओलावा गंज धरतो. धान निसवण्याच्या सुमारास दिव्याभोवती तुडतुड्यांचे थवे जमतात, म्हणून कार्तिकही टाळला. बॉनेटखाली कुंभारमाशीची मातीची घरटी होती. ती रिकामी झाल्याची खात्री करूनच काढली. हौद्यातल्या कुजलेल्या फळ्या पेटवून न देता झाडाखाली ठेवल्या, कारण त्यांत वाळवी होती.

माघात काम सुरू झाले. जुन्या रंगात शिसे असू शकते. कोरडे घासल्यास त्याची धूळ श्वासातून पोटात जाते, आणि लहान मुलांना ती अधिक घातक असते. म्हणून पाणी लावून घासकाम केले, तोंडाला मास्क बांधला आणि गाळ तलावाकडे वाहू न देता गोळा केला. त्यासाठी पाणीही गाळूनच वापरले. पत्रा वाळताच प्रायमर, मग लांबी, पुन्हा घासकाम आणि शेवटी रंगाचे दोन हात, असा क्रम ठेवला.

अडचण आली ती ब्रशची. रंगाच्या नेहमीच्या ब्रशांत डुकराचे राठ केस असतात, आणि बारीक अक्षरांच्या काही ब्रशांसाठी मुंगसे मारली जातात. मुंगसाला वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. २०१९ साली वन्यजीव गुन्हे नियंत्रण विभागाने अशा ब्रशांच्या व्यापाराविरुद्ध देशभर छापे घातले. पंधरा कर्मादानांतील केशवाणिज्य आणि लाक्षावाणिज्य हे शब्द घरातल्या मुलांनी प्रतिक्रमणात ऐकले होते. त्यांचा अर्थ या अंगणात उलगडला. नायलॉनचे ब्रश आणले. फळ्यांना लाखेचे पॉलिश न देता तेलरंग दिला. पेंटरला प्रथम हसू आले. पण नायलॉनच्या ब्रशने रेघ ओढून पाहिल्यावर त्याने आपलाही जुना ब्रश बाजूला ठेवला.

रंगाचा हात देण्याची वेळही ठरलेली होती. दव उडून गेल्यावर सुरुवात करायची आणि सूर्यास्ताच्या बऱ्याच आधी थांबायचे. कारण रात्री दिव्याकडे येणारे किडे ओल्या रंगाला चिकटून मरतात. रात्रिभोजन-त्यागाचा नियम असा रंगाच्या डब्यालाही लागू झाला. त्यामुळे आठ दिवसांचे काम महिनाभर चालले, आणि पेंटरची मजुरी पूर्ण महिन्याची दिली गेली.

आज तो ट्रक घराच्या आवारापुरताच चालतो. फाळक्यावर ‘जय जिनेंद्र’ एवढीच अक्षरे आहेत. त्याने पैसा मिळत नाही, आणि नव्या मोटारीची उणीव लग्नसराईत जाणवते. आजींच्या वहीत मात्र वाहनांपुढचा आकडा चारच आहे. आणि आता त्या पानावर आजोबांच्या नावाखाली नातवानेही आपले नाव लिहिले आहे.