अकराच महिने का?

ऑफिसात कोणालाही विचारा, भाडेकरार किती महिन्यांचा? अकरा. का अकरा? ते मात्र कोणालाच माहीत नाही. जुन्या कोडमध्ये एखादी ओळ असते ना, वर कमेंट असते 'काढू नये', आणि लिहिणारा कंपनी सोडून गेलेला असतो... तसंच.

कारण तसं साधं आहे. 1908 च्या नोंदणी कायद्यानुसार एका वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो. म्हणून लोकांनी अकरा महिने धरले. स्टँप पेपरवर टाइप करा, नोटरीचा शिक्का मारा, झालं काम!

पण महाराष्ट्रात ही पळवाट केव्हाच बुजली आहे. 1999 चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 31 मार्च 2000 पासून लागू झाला. त्याचं कलम 55 म्हणतं की लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा आणि नोंदलेलाच हवा, मग तो अकरा महिन्यांचा का असेना. नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. नाही नोंदवला तर तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे उद्या वाद झाला तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, आणि ते खोटं ठरवायचं काम घरमालकावर येतं.

हे सगळं वाचायची वेळ आली ती काकांच्या फ्लॅटमुळे. कोथरूडचा दोन खोल्यांचा फ्लॅट, सहा वर्षं कुलूपबंद. काका खाजगी कंपनीतून रिटायर झालेले, त्यामुळे पेन्शन नावालाच. तरी मेंटेनन्स आणि टॅक्स खिशातून भरत होते. भाड्याने द्या म्हटलं की एकच वाक्य: "अरे, एकदा आत आलेला माणूस बाहेर निघत नाही."

हसू नका. त्यांनी ते डोळ्यांनी पाहिलंय. आजोबांच्या वाड्यात महिना पन्नास रुपये भाड्याने राहणारी बिऱ्हाडं होती आणि वाड्याचं छप्पर त्याच पन्नासात दुरुस्त करायचं होतं. 1947 च्या मुंबई भाडे कायद्याने जुनी भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीला गोठवली होती. पुढे 1973 साली दुरुस्ती झाली आणि 1 फेब्रुवारी 1973 ला ज्यांचा लायसन्सचा करार चालू होता ते एका फटक्यात संरक्षित भाडेकरू झाले. ज्यांनी 'आपला करार तर तात्पुरता आहे' म्हणून घर दिलं होतं, ते बसले हात चोळत. एवढं झाल्यावर पुढची पिढी कुलूप लावेल नाहीतर काय करेल?

फक्त आता कायदा तो राहिला नाही. कलम 24 प्रमाणे लायसन्सची मुदत संपूनही माणूस हलला नाही, तर घरमालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे ताब्यासाठी अर्ज करू शकतो, आणि अडवलेल्या काळासाठी दुप्पट शुल्काने भरपाई मागू शकतो. तिथे लेखी करारात जे लिहिलंय तोच निर्णायक पुरावा. थोडक्यात, काकांच्या भीतीवरचा उपाय तो कागदच.

गंमत म्हणजे काका तयार झाले ते नेमके उलट बाजूने. "मित्राच्या ओळखीतला मुलगा आहे, चांगल्या घरचा. त्याच्याशी कसली नोंदणी? अविश्वास दाखवल्यासारखं वाटतं."

मी म्हटलं, "काका, त्यालाच विचारा ना." विचारलं. मुलगा म्हणाला, "काका, मलाच हवाय नोंदलेला करार. ऑफिसात एचआरएसाठी लागतो, पत्त्याचा पुरावा म्हणून चालतो, आणि डिपॉझिटचा आकडाही लिहिलेला राहतो." काका गप्प :)

खर्चाचा हिशोब मांडला. भाडं 25,000, डिपॉझिट एक लाख, मुदत 36 महिने. एकूण भाडं 9 लाख, डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्के मानीव व्याज म्हणजे 30 हजार. 9 लाख 30 हजारांवर पाव टक्का मुद्रांक शुल्क: 2,325 रुपये. नोंदणी फी शहरात 1,000. एजंटचे पैसे वेगळे. दर अकरा महिन्यांनी नवा करार केला तर हजार रुपये नोंदणी फी प्रत्येक वेळी. साठ महिन्यांपर्यंतचा करार करता येतो, तर अकराचा हट्ट कशाला? मध्येच सोडायचं असेल तर नोटिशीचं कलम असतंच.

सब-रजिस्ट्रारकडे रांगही लावावी लागली नाही. एजंट अंगठ्याचं मशीन आणि वेबकॅम घेऊन घरीच आला. दोन्ही बाजू, दोन साक्षीदार, प्रत्येकाचं आधार. काकूंचा पोह्यांचा दुसरा घाणा होईपर्यंत काम आटोपलं.

बाकी दोन कामं उरली. एक पोलिसांचं. भाडेकरूची माहिती कळवा असे आदेश पोलीस आयुक्त काढतात, आणि ते मोडले तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 223 खाली कारवाई होऊ शकते. ऑनलाइन फॉर्म भरला. दुसरं सोसायटीचं. सेक्रेटरींनी भाडेकरू ठेवल्याबद्दल महिना दोन हजार मागितले. 1 ऑगस्ट 2001 च्या सरकारी आदेशाप्रमाणे ना-भोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि सेवाशुल्क म्हणजे मेंटेनन्सचं सगळं बिल नव्हे. काकांनी शांतपणे पत्र लिहिलं. आकडा खाली आला.

कागद केला म्हणजे वाद होणारच नाहीत असं नाही. अर्ज, तारखा, खेटे यांतून सुटका कोणाचीच नाही. पण झाला वाद तर कोण काय म्हणालं होतं यावर भांडायची गरज पडत नाही.

काकांच्या फोनमध्ये मी एक रिमाइंडर लावून दिलाय, करार संपायच्या दोन महिने आधीचा. मुदत संपली आणि माणूस नुसताच राहत राहिला, तर करार आपोआप वाढत नाही. तिथे नवीन नोंदणी लागते, आणि बरेच घरमालक नेमके तिथेच झोपतात.

असो. तुमच्या घरमालकाने किंवा तुमच्याच बाबांनी शेवटचा करार कधी नोंदवलाय, एकदा बघून ठेवा.