भावी मंत्र्यांची पंगत

मंत्रिमंडळ बनण्यापूर्वीचे दिवस ते बनल्यानंतरच्या दिवसांहून अधिक रम्य असतात, असे आमचे फार दिवसांचे मत आहे. बनण्यापूर्वी प्रत्येक तालुक्यास एक मंत्री असतो. बनल्यावर बहुतेकांपाशी केवळ गाऱ्हाणे उरते. 2024 सालच्या विधानसभा निवडणुकीचा निकाल 23 नोव्हेंबरला लागला आणि मुख्यमंत्र्यांच्या शपथविधीस 5 डिसेंबर उजाडला. या मधल्या दिवसांत महाराष्ट्रात किती भोजने झडली असतील, ईश्वर जाणे. त्यांपैकी भंडारदऱ्याच्या एका भोजनास आम्ही हजर होतो.

आम्हांस कोणत्याही पक्षाचे वावडे नाही, आणि कोणत्याही पक्षास आमचा उपयोग नाही. निमंत्रण आले ते एका माजी विद्यार्थ्याकडून. हा जलाशयाकाठच्या एका आदिवासी वाडीतला. वर्गात मागच्या बाकावर बसणारा, आता पक्षाच्या स्थानिक शाखेत पुढच्या खुर्चीवर बसतो. "सर, राजकारण काही नाही, नुसतं जेवण आहे," असे त्याने आवर्जून सांगितले, तेव्हाच आम्ही काय ते ओळखले.

पंगत शेंडीस एका अंगणात होती. पाण्यावरून बोचरा वारा येत होता. गावठी कोंबडीचा रस्सा, नाचणीची भाकरी, वाफाळलेला भात, आणि आमच्यासारख्या शाकाहाऱ्यांसाठी मासवड्या. ज्या आमदारांचे नाव तोंडोतोंडी होते (ते कोणत्या मतदारसंघाचे, हे येथे सांगण्याचे कारण नाही) ते स्वतः आलेच नव्हते. त्यांचा फोन दोन दिवस लागत नाही, हे एकाच्या मते शुभचिन्ह, तर दुसऱ्याच्या मते नाव कापल्याची खूण. तिसऱ्यास साहेबांनी नवे जाकीट शिवावयास टाकल्याचे पक्के कळले होते. शिंप्याच्या साक्षीवर सर्वांचा विश्वास बसला.

शिक्षकी सवय वाईट! 2003 सालच्या घटनादुरुस्तीने मंत्र्यांची संख्या सभागृहाच्या शेकडा 15 हून अधिक असू शकत नाही. 288 सभासदांमागे 43, आणि सत्तेच्या तीन प्रमुख पक्षांचे आमदार तर 230, हे गणित आम्ही भर पंगतीत मांडले. क्षणभर सगळे भाकरी मोडावयाचे थांबले. मग एक वृद्ध कार्यकर्ते म्हणाले, "गुरुजी, आमचे साहेब त्या त्रेचाळिसांतच हायेत." 1982 च्या जानेवारीत अंतुले गेल्यावर दिल्लीने बाबासाहेब भोसले यांस मुख्यमंत्री करून भल्याभल्यांचे अंदाज कसे उधळले, ते आम्ही सांगू लागलो, पण तोवर रस्सा पुन्हा फिरू लागला होता.

हात धुतल्यावर विद्यार्थी आम्हांस पाण्याच्या कडेला घेऊन गेला. प्रवरेवरचे हे धरण 1910 साली बांधावयास घेतले आणि 1926 साली पुरे झाले. उद्घाटन करणाऱ्या सर लेस्ली विल्सन या गव्हर्नरांचे नाव त्यास मिळाले. ते विलायतेहून नेमून आले होते, त्यांच्या नेमणुकीसाठी शेंडीत कोणी पंगत घातली असेल असे वाटत नाही. सुमारे 11 अब्ज घनफूट पाणी येथे साठते आणि खाली संगमनेर, राहाता, श्रीरामपूरच्या शेतांकडे जाते. वर या मुलाची वाडी. पावसाळ्यात चार महिने छपरावर पाणी कोसळते, आणि चैत्र लागला की त्याची आई टँकरची वाट पाहते. पाणी उपसून वाडीवर नेण्याच्या योजनेचा कागद घेऊन तो दोन वर्षे कचेऱ्यांच्या पायऱ्या चढतो आहे.

"साहेब मंत्री झाले, तर फाइल हलेल, सर."

"आणि नाही झाले तर?"

तो थोडा हसला. "मग जे होतील त्यांच्या माणसांना जेवू घालायचं."

या हसण्यात कडवटपणा असता तर आम्हांस बरे वाटले असते. तो नव्हता. बी पेरताना शेतकरी पावसाविषयी बोलतो, त्या सुरात तो बोलत होता. आम्ही त्याला अर्ज आणखी नेटका लिहून देण्याचे कबूल केले. आमच्या हाती दुसरे काय होते?

15 डिसेंबरला नागपुरास 39 मंत्र्यांचा शपथविधी झाला. यादी आम्ही दोनदा वाचली. साहेब तीत नव्हते. जाकिटाचे काय झाले ते कळले नाही. अर्ज आम्ही लिहून पाठविला होता, तो पोचल्याचे विद्यार्थ्याने कळविले. पुढे जानेवारीत पालकमंत्री कोण, याची चर्चा सुरू झाली, तेव्हा त्याचा पुन्हा फोन आला. "सर, त्या अर्जाच्या चार प्रती अजून लागतील. आणि रविवारी मोकळे आहात का?"