शब्दांचे सांधे

तंजावूरच्या राजवाड्यातील सरस्वती महाल ग्रंथालयात मी गेलो होतो तो मोडी कागद पाहण्यासाठी. इंग्रजी शब्दसिद्धीशी त्या प्रवासाचा काही संबंध येईल अशी माझी कल्पना नव्हती. तीस वर्षे इंग्रजी शिकवून निवृत्त झाल्यावर त्या भाषेची संगत काही काळ सुटावी, असेच उलट मनात होते. परंतु उतरलो होतो ते राजवाड्याजवळच्या एका मराठी कुटुंबात. त्यांचे पूर्वज दरबारच्या चाकरीनिमित्त इकडे आले आणि इकडचेच झाले. घरातले वडीलधारे गृहस्थ, ज्यांना सगळे अप्पा म्हणतात, माझ्याशी जे मराठी बोलत ते ऐकताना प्रथम थोडे अडखळायला होई आणि मग एकाएकी जुनी बखर कानांनी वाचत असल्यासारखे वाटे. त्यांची नात नववीत होती. घरात मराठी, दारात तमिळ आणि शाळेत इंग्रजी अशा तीन भाषांत ती सहज वावरत असे. मी इंग्रजीचा मास्तर आहे हे कळल्यावर दुसऱ्याच संध्याकाळी ती वही घेऊन समोर बसली. सुटका नव्हती.

शाळेने तिला शब्दांची एक यादी दिली होती. प्रत्येक शब्दाचे अर्थपूर्ण भाग वेगळे करून दाखवायचे होते. भाषाविज्ञानात ज्याला रूपिका किंवा पदिम म्हणतात ते हे भाग. शाळेच्या पुस्तकात मात्र उपसर्ग, मूळ शब्द आणि प्रत्यय एवढीच विभागणी असते, आणि पुष्कळदा तेवढी पुरतेही. पहिला शब्द होता ‘अनफरगेटेबल’. मुलीने क्षणभरही न थांबता शेवटचा ‘ॲबल’ कापून बाजूला ठेवला. आमच्याकडची मुले अशा वेळी पुढून सुरुवात करतात, आधी ‘अन’ वेगळा काढतात. तिला मी विचारले, शेवटून का? तिला प्रश्नच विचित्र वाटला. ‘सर, चिकटतं ते मागेच ना?’ ती म्हणाली. तमिळच्या दृष्टीने तिचे अगदी बरोबर होते. ‘मरम्’ म्हणजे झाड, ‘मरङ्गळ्’ म्हणजे झाडे, ‘मरङ्गळिल्’ म्हणजे झाडांत. जे काही जोडायचे ते मागून, एकामागे एक. शब्दाच्या पुढे उपसर्ग लावण्याची रीत द्राविडी भाषांची स्वतःची नाही.

पण ‘ॲबल’ काढल्यावर तिच्या हातात उरला ‘अनफरगेट’. तिने तो मोठ्याने उच्चारला आणि विचारले, ‘सर, असं क्रियापद आहे? म्हणजे विसरलेलं पुन्हा आठवणं?’

नियम सांगणे सोपे होते, तो मी सांगितला. ‘फरगेट’ला आधी ‘ॲबल’ लागतो, त्यातून विशेषण होते, आणि मग त्या विशेषणाला ‘अन’ लागून नकार होतो. भाग कोणते आहेत एवढे कळून भागत नाही, ते कोणत्या क्रमाने जुळले हेही पाहावे लागते. पण मनात मी केव्हाच चाळीस वर्षे मागे गेलो होतो.

१९८३-८४ च्या सुमारास एका महाविद्यालयात मी पदवीच्या पहिल्या वर्षाला शिकवत होतो. खेड्यातून आलेल्या एका विद्यार्थिनीने निबंधात लिहिले होते की परीक्षेत आपण उत्तर ‘अनरिमेंबर्ड’. ‘विसरले’ या अर्थी तिला ‘फरगॉट’ सुचला नव्हता, म्हणून तिने ‘रिमेंबर’ला ‘अन’ लावला होता. मी ते वाक्य वर्गात वाचून दाखवले. वर्ग हसला, मीही हसलो. त्यानंतर वर्षभर त्या मुलीने वर्गात तोंड उघडल्याचे मला आठवत नाही. तिला शब्द येत नव्हता हे खरे, पण शब्द कसा होतो ते येत होते. ‘लॉक’चे ‘अनलॉक’ होते, ‘टाय’चे ‘अनटाय’ होते, मग ‘रिमेंबर’चे का होऊ नये? माझ्यापाशी या प्रश्नाला उत्तर नव्हते. माझ्यापाशी केवळ हसण्याचा अधिकार होता. आणि याहून लाजिरवाणी गोष्ट म्हणजे त्याच वर्षी वरच्या वर्गाला मी वर्ड्‌स्वर्थची टिंटर्न ॲबीवरील कविता शिकवत होतो. १७९८ च्या त्या कवितेत हाच शब्द, विशेषण म्हणून, दोनदा येतो. तिथे तो मी मोठ्या भावनेने उच्चारत असे! ती कविता मी नंतरही अनेक वर्षे शिकवली. दोन्ही प्रसंग एकमेकांशेजारी ठेवून पाहण्याची बुद्धी मात्र झाली नाही.

वास्तविक इंग्रजीत ‘अन’ दोन आहेत. विशेषणाला लागून नुसता नकार सांगणारा एक, तो आपल्या ‘अनंत’, ‘अनादी’तील ‘अन्’चा सख्खा भाऊ. क्रियापदाला लागून केलेले उलटवणारा दुसरा, त्याचे कूळ निराळे. रूप सारखे झाल्यामुळे आज ते जुळे वाटतात. माझ्या विद्यार्थिनीने दुसरा वापरला होता, वर्ड्‌स्वर्थने पहिला. हा फरक मी तेव्हा सांगितला असता तर तो खरा धडा झाला असता.

दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात माझे लक्ष मोडी कागदांत लागेना. वर्ड्‌स्वर्थची कविता प्रसिद्ध झाली त्याच १७९८ साली सरफोजी राजे तंजावूरच्या गादीवर बसले. लहानपणी श्वार्ट्‌झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली ते इंग्रजी शिकले होते. त्यांच्या संग्रहातील जॉन्सनच्या इंग्रजी कोशाची १७८४ ची प्रत या ग्रंथालयात आहे. त्यांनीच काढलेल्या छापखान्यात इसापाच्या गोष्टींचे मराठी पुस्तक, ‘बालबोधमुक्तावली’, १८०६ मध्ये देवनागरीत छापले गेले. या राजाने इंग्रजी शब्द कसे फोडले असतील? मनात तमिळ, मराठी आणि संस्कृत अशा तीन रीती असताना कोणत्या टोकाला त्याने हात घातला असेल? असो. कल्पना करण्यापलीकडे त्यात काही नाही.

ज्या इमारतीत मी बसलो होतो तिचे नाव मात्र कल्पना नव्हे. ‘सरस्वती’ संस्कृत, ‘महाल’ अरबी. ‘धन्वंतरी महाल’ आणि ‘संगीत महाल’ यांचेही तसेच. शिवाजी महाराजांनी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा ‘राज्यव्यवहारकोश’ करवून घेतला. ज्या रघुनाथपंत हणमंत्यांच्या नावाशी तो कोश जोडला जातो त्यांनी आधी याच दक्षिणेत भोसल्यांची चाकरी केली होती. कोशाने शब्द बदलले, शब्द घडवण्याची हत्यारे मात्र लोकांच्या हातीच राहिली. ‘गैरसमज’ आणि ‘गैरसोय’ पाहा, ‘बेचव’ आणि ‘बेसूर’ पाहा, ‘पाणीदार’ आणि ‘भांडखोर’ पाहा. पाहुणा भाग घरच्या शब्दाला लागला की तो पाहुणा राहत नाही. इंग्रजीचे आपल्याकडे नेमके उलट झाले आहे. तिचे शब्द आपण हजारांनी घेतले, पण अख्खे, गाठोडे न सोडता. ‘फिट’ही आला आणि ‘अनफिट’ही आला, मात्र ‘अन’ सुटा होऊन मराठी शब्दाला लागला नाही. कदाचित शाळेत शिकलेली भाषा आपण भीत भीत वापरतो म्हणून असेल. फारसीला मराठी माणूस भ्याला नाही, कारण तिच्यासाठी त्याला कोणी वर्गात उभे केले नव्हते.

लोक शब्दात नसलेले सांधेही शोधून काढतात. राजाच्या स्वयंपाकघराला मराठी दरबारांत ‘मुदपाकखाना’ म्हणत. मूळ अरबी ‘मतबख’, त्याचा ‘मुदबख’ झाला, आणि मग कोणाला तरी त्यात ‘पाक’ ऐकू आला. स्वयंपाकघरात पाक असायचाच! संध्याकाळी हे मी अप्पांना सांगितले तेव्हा ते खूप हसले. मग म्हणाले, ‘चूक आहे खरी, पण तीनशे वर्षं जेवण झालं ना त्यात?’

त्यांच्या नातीला त्या दिवशी ‘कॅटमरान’ हा शब्द दिला होता, तोही एकच भाग असलेल्या शब्दांचे उदाहरण म्हणून. ती मनापासून संतापली होती. ‘कट्टु’ म्हणजे बांधणे, ‘मरम्’ म्हणजे लाकूड. लाकडाचे ओंडके बांधून केलेली होडी ती ‘कट्टुमरम्’. कोरोमंडल किनाऱ्यावर हे सांगायला शब्दकोश लागत नाही. सतराव्या शतकाच्या अखेरीस हा शब्द इंग्रजी प्रवासवर्णनात पोचला आणि तिथे त्याचे सांधे बुजले. पुढची गंमत तिला ठाऊक नव्हती. १९४० च्या दशकात तीन सांगाड्यांची नाव निघाली तेव्हा इंग्रजीने ‘कॅटमरान’चे शेपूट तोडले, त्याला ‘तीन’ या अर्थाचा ‘ट्राय’ जोडला आणि ‘ट्रायमरान’ असा शब्द केला. ‘म्हणजे तीन झाडं!’ ती म्हणाली. तमिळ कानाला तसेच ऐकू येणार. इंग्रजी माणसाला तिथे झाड दिसत नाही, त्याला ‘मरान’ म्हणजे नावेचा प्रकार वाटतो, आणि त्याच्या भाषेत आता ते खोटे म्हणता येणार नाही. मग शाळेचे उत्तर बरोबर की चूक? इंग्रजी शब्द म्हणून ‘कॅटमरान’ एकसंध आहे असे म्हणता येईल, पण ‘ट्रायमरान’ झाल्यावर तेही ठामपणे म्हणता येत नाही. मी तिला म्हणालो, दोन्ही लिही. ती म्हणाली, दोन्ही लिहिले तर गुण जातात. हे मला ठाऊक असायला हवे होते.

निघायच्या आदल्या रात्री तिने यादी तपासायला दिली. ‘रिसीव’, ‘डिसीव’, ‘पर्सीव’ यांच्यापुढे तिने आपण होऊन ‘आहार, विहार, प्रहार’ लिहिले होते. ‘सीव’ला एकट्याला इंग्रजीत जसे बसता येत नाही तसेच बहुधा या ‘हार’लाही, असे तिने त्याखाली बारीक अक्षरात टिपले होते. लॅटिनमधील ते मूळ ‘घेणे’ या अर्थाचे आहे आणि संस्कृत ‘हृ’चाही अर्थ ‘नेणे’, ‘हरण करणे’ असा आहे, एवढीच भर मी घातली. ‘अनफरगेट’ तिने खोडले नव्हते, त्यापुढे प्रश्नचिन्ह केले होते. मी लाल पेन उघडले होते, ते मिटले. प्रश्नचिन्हाशेजारी शिसपेन्सिलीने ‘अनरिमेंबर्ड’ लिहिले आणि खाली वर्ड्‌स्वर्थ, १७९८.

‘हा शब्द तुम्हाला कुठे मिळाला, सर?’ तिने विचारले.

एका मुलीच्या वहीत, मी म्हणालो. तिचे नाव तिने विचारले. ते मला आठवेना.