पुढें काय वाचावें?

आवडत्या ग्रंथमालेचें शेवटचें पुस्तक मिटून ठेविल्यावर घरांत जी एक प्रकारची उदासी पसरते, तिला नेमका शब्द आम्हांस सांपडलेला नाहीं. पण मुलीची बोळवण करून परतलेल्या मंडळींस ती चांगली परिचयाची आहे. मांडव तसाच उभा असतो, ताटेंवाट्या घासून पालथ्या घातलेल्या असतात, आणि कोणासच कांहीं काम नसतें. एखादें सुटें पुस्तक संपलें तर मनुष्य सहज दुसरें उचलतो. परंतु जिनें चार-पांच वर्षें सोबत केली, जिच्यांतील पात्रांचीं नांवें आपण शेजाऱ्यापाजाऱ्यांस खुशाल ठेवूं लागलों, अशी माला संपली म्हणजे गोष्ट निराळी होते. 'आतां पुढें काय वाचावें?' हा प्रश्न आमचे विद्यार्थी आम्हांस नेहमीं विचारतात. यंदा तो आमच्या घरांतच उभा राहिला, म्हणून त्याचा थोडा सावकाश विचार करावयाचें योजिलें आहे.

आमच्या घरीं संपलेली माला म्हणजे 'डिस्कवर्ल्ड'. तिचे कर्ते टेरी प्रॅचेट हे इ. स. १९४८ त इंग्लंडांत जन्मले. तरुणपणीं त्यांनीं वृत्तपत्रांत बातमीदारी केली. पुढें ते तेथील वीजमंडळाच्या प्रसिद्धिखात्यांत नोकरीस लागले आणि अणुविद्युत्केंद्रांविषयीं लोकांचें समाधान करण्याचें काम त्यांच्याकडे आलें. वाटेल ती गोष्ट गंभीर चेहऱ्यानें सांगण्याचा सराव त्यांस तेथेंच झाला असावा, अशी आमची शंका आहे. मालेंतील पहिली कादंबरी 'द कलर ऑफ मॅजिक' १९८३ त निघाली. एकेचाळिसावी व अखेरची 'द शेफर्ड्स क्राउन' २०१५ त, लेखकाच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाली.

या मालेंतील पृथ्वी ताटासारखी चपटी आहे. ती चार हत्तींच्या पाठीवर ठेविलेली असून ते हत्ती एका अवाढव्य कांसवाच्या पाठीवर उभे आहेत, आणि तें कांसव अंतराळांत शांतपणें पोहत आहे. वाचकांस ही भूगोलविद्या ओळखीची वाटेल. अमरकोशांतील अष्टदिग्गजांचीं नांवें वडिलांनीं आमच्याकडून लहानपणीं पाठ करून घेतलीं होतीं, आणि कूर्मावतार तर मुलाबाळांसही ठाऊक असतो. आपल्याकडील या निरनिराळ्या कल्पनांची सांगड घालून 'हिंदी लोकांची पृथ्वी हत्तीवर आणि हत्ती कांसवावर' असा समज युरोपांत सतराव्या शतकांतच पसरला होता. लॉकसारख्या तत्त्ववेत्त्यानें आपल्या ग्रंथांत त्याचा दाखला दिला आहे. तेव्हां हें कांसव आपल्याकडूनच तिकडे पोहत गेलें आणि तीनशें वर्षांनीं विनोदाचें ओझें पाठीवर घेऊन परत आलें, असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं.

आमच्या मातोश्रींचें वय ऐशींच्या पुढें गेलें आहे. दृष्टि अधू झाल्यामुळें त्यांचें वाचन सुटलें, म्हणून रात्रीं जेवणें आटोपल्यावर त्यांस तासभर कांहींतरी वाचून दाखविण्याचा आमचा परिपाठ पडला. त्यांस इंग्रजी येत नाहीं. आम्ही इंग्रजी पुस्तक समोर धरावें आणि मराठींत सांगत जावें, असा क्रम. श्लेष बहुतेक वाटेंत सांडतात. माणसें मात्र सुखरूप पोहोंचतात. या मालेंत मृत्यु हेंच एक पात्र आहे. तो हाडांचा सांगाडा आहे, त्याचा स्वर गंभीर आहे, आणि त्याच्या पांढऱ्या घोड्याचें नांव मात्र 'बिंकी' असें लाडिक आहे. त्यास माणसांविषयीं अपार कुतूहल, आणि मांजरांची विशेष आवड. मातोश्रींनीं पहिल्याच रात्रीं त्याचें नांव 'यमाजीपंत' ठेविलें. "आज यमाजीपंत येणार आहेत का रे?" असें त्या इतक्या मोकळेपणानें विचारीत, कीं प्रथम प्रथम आमच्या अंगावर शहारा येई.

त्यांतील एक प्रसंग येथें सांगितला पाहिजे. 'मेन ॲट आर्म्स' या १९९३ च्या कादंबरींत शहराच्या पोलिसांचा नायक व्हाइम्स बुटांवरून गरिबीचें गणित मांडतो. उत्तम बूट पन्नास डॉलरांना मिळतो आणि वर्षानुवर्षें टिकतो. हलका बूट दहा डॉलरांना मिळतो आणि एक-दोन हंगामांत त्याचा तळ जातो. पन्नास डॉलर एकदम काढण्याची ऐपत ज्यास नाहीं, त्याचे दहा वर्षांत शंभर डॉलर बुटांवर खर्च होतात आणि पाय ओले ते ओलेच राहतात. हें ऐकून मातोश्री म्हणाल्या, "यात नवल कसलं? वर्षाचं धान्य एकदम भरणाऱ्याला तें स्वस्त पडतं. रोजचं शेरभर नेणाऱ्या बाईकडूनच वाणी जास्त घेतो." कांसव, हत्ती, जादूगार हें सर्व बाजूस सारून त्यांनीं नेमकें मर्मावर बोट ठेविलें. प्रॅचेटच्या हंसण्याखालीं एक प्रकारचा राग आहे. जगांत जें उघड उघड अन्यायाचें आहे तें सर्वांच्या इतकें अंगवळणीं पडलें आहे, कीं तें दिसावें म्हणून सबंध पृथ्वीच कांसवावर नेऊन ठेवावी लागली, असें त्यांचे ग्रंथ वाचतांना पुष्कळदां वाटतें.

चाळीस पुस्तकें संपलीं तेव्हां घरांत वाद उपस्थित झाला. आमच्या कन्येचें म्हणणें असें, कीं एकेचाळिसावें उघडूंच नये. एक पुस्तक वाचावयाचें आहे तोंवर माला संपली असें होत नाहीं. मातोश्रींनीं एका वाक्यांत निकाल दिला : "अगं बाळे, पानांत वाढलेलं टाकूं नये." मग तें पुस्तक सुरू झालें. प्रॅचेटना मेंदूचा विकार जडल्याचें त्यांनीं स्वतःच डिसेंबर २००७ मध्यें जाहीर केलें होतें. अल्झायमरच्या रोगाचाच तो एक विरळा प्रकार. त्यांत मेंदूच्या मागील भागास अपाय होऊन डोळे शाबूत असतांही दिसलेलें उमगेनासें होतें. पुढें त्यांस टंकलेखन जमेना, म्हणून ते तोंडीं सांगून पुस्तकें लिहवूं लागले. १२ मार्च २०१५ रोजीं, वयाच्या सहासष्टाव्या वर्षीं, ते वारले. शेवटच्या पुस्तकांत मालेंतील वृद्ध चेटकीण, ग्रॅनी वेदरवॅक्स, हिचा अंत आहे. आपली वेळ आली हें तिला आधीं कळतें. ती घर झाडून पुसून लख्ख करते, सर्व तयारी जेथल्या तेथें ठेवते आणि अंथरुणावर पडते. यमाजीपंत आले ते अदबीनें आले. तें प्रकरण वाचतांना आमचा आवाज नीट चालेना. मातोश्री मात्र स्वस्थ ऐकत होत्या. शेवटीं "शहाणी बाई," एवढेंच म्हणाल्या, आणि त्या रात्रीं आणखी वाचूं दिलें नाहीं. पुस्तक संपलें त्याच्या दुसऱ्या दिवशीं, जेवणानंतर नेहमींच्या वेळीं, त्यांनीं विचारलें, "आतां काय?"

या प्रश्नाचें सर्वसामान्य उत्तर म्हणजे 'तसेंच दुसरें कांहीं'. दुकानदार तें देतो, मित्र देतात, आणि तें अगदींच टाकाऊ नसतें. डग्लस ॲडम्स यांचें 'द हिचहायकर्स गाइड टु द गॅलक्सी' १९७९ चें. त्यांत आरंभींच रस्त्याच्या कामासाठीं घर पाडावें तशी पृथ्वी पाडली जाते. बुद्धीची चमक विलक्षण, पण त्या हास्यांत ऊब थोडी कमी. डायाना विन जोन्स यांनीं १९९६ त 'द टफ गाइड टु फॅण्टसीलॅण्ड' नांवाचें एक खोटें प्रवासमार्गदर्शक लिहिलें, त्यांत अद्भुतरम्य कादंबऱ्यांतील ठराविक सरायांची व ठराविक कढणाची मोठी बहारदार टवाळी आहे. सुझॅना क्लार्क यांची 'जोनाथन स्ट्रेंज अँड मिस्टर नॉरेल' ही २००४ ची कादंबरी तळटीपांनीं खच्चून भरलेली असूनही, किंबहुना तळटीपांमुळेंच, अत्यंत वाचनीय झाली आहे. वुडहाउस तर आमच्या पिढीच्या सुशिक्षित घरांत देवघरासारखे आहेत. हीं सर्व पुस्तकें स्वतःच्या गुणांनीं उभीं आहेत. परंतु 'प्रॅचेटसारखें' म्हणून जो तीं हातीं घेईल तो प्रत्येक पानावर तुलना करील, आणि चांगल्या पुस्तकावर विनाकारण रुसेल. कढी उत्तम असली तरी ताकाची आठवण काढीत ती प्यावयाची नसते.

आमची सूचना निराळी आहे. आवडत्या लेखकाच्या मागून आलेल्यांकडे जाण्याऐवजीं, तो ज्यांच्या मागून आला त्यांच्याकडे जावें. नदी समुद्रास मिळाली म्हणून हळहळत बसण्यापेक्षां तिच्या उगमाकडे चालूं लागावें. प्रॅचेटच्या शहरांत घाणकाम आणि भंगार यांवर गबर झालेला एक व्यापारी आहे. त्याचे पूर्वज पाहावयाचे असतील तर हेन्री मेह्यू यांचा लंडनच्या श्रमिकांवरील ग्रंथ उघडावा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मेह्यू लंडनच्या गल्लीगल्लींतून हिंडले. नदीच्या चिखलांत कोळशाचे तुकडे वेंचणारीं पोरें, गटारांत उतरून भंगार शोधणारे लोक, कातडीं कमावण्याच्या कारखान्यांसाठीं कुत्र्यांची विष्ठा गोळा करणाऱ्या म्हाताऱ्या, या सर्वांच्या मुलाखती त्यांनीं उतरून घेतल्या. प्रॅचेटनीं २०१२ च्या 'डॉजर' या कादंबरींत मेह्यूंनाच एक पात्र केलें आहे. व्हाइम्सच्या बुटांचा राग कोठून आला तें येथें समजतें.

आणखी वर गेलें म्हणजे सर्व्हांटीस भेटतात. 'डॉन किहोटे'चा पहिला भाग १६०५ त निघाला आणि इतका लोकप्रिय झाला, कीं १६१४ त दुसऱ्याच कोणीं टोपणनांवानें त्याचा उत्तरार्ध छापून टाकला. सर्व्हांटीस संतापले, १६१५ त त्यांनीं आपला खरा दुसरा भाग प्रसिद्ध केला, त्यांत त्या तोतयाची यथेच्छ फजिती केली, आणि पुन्हां कोणास वळवळ करण्यास जागा नको म्हणून शेवटीं नायकाला मृत्यु दिला. प्रॅचेटनीं हीच गोष्ट यंत्रयुगाच्या रीतीनें केली. त्यांच्या इच्छेनुसार त्यांच्या अपुऱ्या लेखनाची संगणकातील तबकडी २५ ऑगस्ट २०१७ रोजीं डॉर्सेट परगण्यांतील एका जत्रेंत वाफेच्या रस्तादाब्या इंजिनाखालीं घालून चिरडण्यांत आली. त्यांच्या कन्येनेंही माला पुढें न चालविण्याचें जाहीर केलें. म्हणजे या मालेचें बेचाळिसावें पुस्तक कधींही येणार नाहीं.

हा वृत्तांत आम्हीं घरीं सांगितला तेव्हां मातोश्रींस वाईट वाटेल अशी आमची अपेक्षा होती. त्या म्हणाल्या, "गुणाढ्यानंही जाळलंच होतं कीं." आणि येथें आम्हांस खरा उगम सांपडला.

अकराव्या शतकांत काश्मिरांत सोमदेवानें राणी सूर्यवतीच्या मनोरंजनार्थ 'कथासरित्सागर' रचला. त्याच्या आरंभींची गुणाढ्याची कथा आपल्या पैठणची आहे. सातवाहन राजा राण्यांसह जलक्रीडा करीत असतां एक राणी 'मोदकैः' म्हणाली. तिला म्हणावयाचें होतें, 'मा उदकैः', म्हणजे पाणी उडवूं नका. संधि न उमगलेल्या राजानें तत्काळ मोदक मागविले. त्या फजितीनें राजानें अंथरूण धरलें. त्यास सहा वर्षांत व्याकरण शिकवितों, असें गुणाढ्य म्हणाला. शर्ववर्म्यानें सहा महिन्यांची प्रतिज्ञा केली आणि पार पाडली. पैज हरलेला गुणाढ्य संस्कृत, प्राकृत आणि देशी भाषा सोडून विंध्याच्या अरण्यांत गेला. तेथें पैशाची भाषेंत, शाई नाहीं म्हणून स्वतःच्या रक्तानें, त्यानें सात लक्ष श्लोक लिहिले. राजानें त्या पिशाचभाषेला नाक मुरडलें, तेव्हां तो एक एक पान पशुपक्ष्यांस वाचून दाखवून अग्नींत टाकूं लागला. जनावरें चरणें सोडून डोळ्यांत पाणी आणून ऐकूं लागलीं आणि वाळत चाललीं. राजाच्या पानांत सुकें मांस पडूं लागलें, वैद्यानें तें दुखण्याचें कारण ठरविलें, आचाऱ्यानें पारध्यावर ढकललें, आणि पारध्याकडून सारा प्रकार उघडकीस आला. राजा धांवत गेला तोंवर सहा लक्ष श्लोक जळून गेले होते. राहिलेल्या एका लक्षाची ती 'बृहत्कथा'.

चौकशी थेट स्वयंपाकघरांतून सुरू व्हावी, हें प्रॅचेटनीं लिहिलेलें शोभलें असतें. व्याकरणाची चूक, अहंकाराची पैज, दरबारी विद्येचा ताठा, आणि त्या सर्वांच्या तळाशीं न ऐकलेल्या लेखकाचें दुःख : हंसूं आणि राग यांचें हेंच तें मिश्रण. 'सिंहासनबत्तिशी'ची थट्टा म्हणून आपल्या लेखांस 'साहित्यबत्तिशी' म्हणविणाऱ्या श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचे 'सुदाम्याचे पोहे' याच पंगतींतले. बंडूनाना व पांडूतात्या एखाद्या खुळ्या रूढीचें तर्कशुद्ध समर्थन करीत जेथवर जातात, तेथून चपटी पृथ्वी फार दूर राहत नाहीं.

सध्यां आमच्या घरीं रात्रीं 'कथासरित्सागर' चालू आहे. त्याचे तरंग एकशें चोवीस. रोज एक म्हटला तरी चार महिन्यांची निश्चिंती झाली. सांगावयाची गोष्ट अशी, कीं हें पुस्तक त्या एकेचाळिसांमुळें आम्हांस नव्यानें वाचतां येऊं लागलें. पूर्वीं तें आमच्या कपाटांत नुसता एक संस्कृत ग्रंथ म्हणून उभें होतें. आवडता लेखक वाचून संपला म्हणजे त्याचें हंसणें आपल्या कानांत राहतें, आणि मग जुन्या पुस्तकांतूनही तें ऐकूं येऊं लागतें. तेव्हां वाचकांनीं दुकानांत जाण्यापूर्वीं एकदां घरचें कपाट उघडून पाहावें, आणि घरांत ऐकणारें कोणी असेल तर मोठ्यानें वाचावें. ऐकणाऱ्यांस आमच्यापेक्षां पुष्कळ अधिक ठाऊक असतें.