वायरमन आप्पा शाळेत गेले त्याची गोष्ट

२०२२ सालच्या जून महिन्यातली गोष्ट. मृगाचा पहिला पाऊस दोन दिवस चांगला झोडपून गेला होता आणि पेरणीच्या गडबडीतून एक रविवार काढून मी गावी गेलो होतो. आमचे गाव सीना नदीपासून दोन कोसांवर. घरची शेती थोरले बंधू पाहतात. गोठ्यात दोन पंढरपुरी म्हशी, एक खिलार बैलजोडी आणि कोपऱ्यात विजेवर चालणारे कडबाकुट्टीचे यंत्र, असा आमचा संसार.

त्या दिवशी दिवेलागणीला घरातले दिवे गेले. शेजारच्या घरात मात्र दिवे होते. बोर्डापाशी जाऊन पाहतो तो ई.एल.सी.बी. पडलेला. घराची दुरुस्ती केली तेव्हा दुकानदाराच्या सांगण्यावरून तो बसवला होता. वर केला, पुन्हा पडला. पाच-सहा वेळा असे झाल्यावर दादांनी आप्पांना बोलावणे धाडले.

आप्पा म्हणजे आमच्या गावचे वायरमन. माझ्यापेक्षा आठ-नऊ वर्षांनी वडील. १९८४ साली त्यांनी वायरमनचे परमिट काढले, तेव्हा गावात मोजक्याच घरी वीज होती. पुढे गावातल्या निम्म्याहून अधिक घरांची आणि विहिरींवरच्या मोटारींची जोडणी त्यांच्याच हातची. रात्री-अपरात्री हाक मारली तरी येणारा माणूस, आणि पैशासाठी कधी कुणाला अडवणार नाही.

आप्पांनी टेस्टर लावून पाहिला आणि म्हणाले, "साहेब, हा डबाच बाद आहे. पावसाळ्यात हे असेच त्रास देतात. डायरेक्ट करून टाकतो."

मी तेथेच उभा होतो. वहिनींना धारा काढायच्या होत्या, स्वयंपाक खोळंबला होता. मी म्हणालो, "करा आप्पा, पुढच्या वेळी आलो की नवा आणू."

आप्पांनी दोन तारा काढून एकमेकींना जोडल्या. दिवे लागले. सगळ्यांना बरे वाटले.

तिसऱ्या दिवशी पहाटे दादांचा फोन आला. थोरली म्हैस गेली होती. कुट्टीच्या यंत्राजवळ सांडलेल्या वैरणीकडे तिने मान लांबवली, गळ्यातली साखळी यंत्राच्या लोखंडी सांगाड्याला लागली आणि ती जागच्या जागी कोसळली. वहिनी स्टीलची बादली घेऊन गोठ्याच्या दारापर्यंत आल्या होत्या. आणखी चार पावले टाकून त्या म्हशीच्या अंगाला हात लावत्या, तर काय झाले असते हे आजही आमच्या घरात कुणी बोलून दाखवत नाही.

मी गावी पोचेपर्यंत पशुवैद्यकांनी विजेच्या धक्क्याने मृत्यू असे सांगितले होते. आप्पा ओसरीवर खाली मान घालून बसले होते. "माझ्या हातून झाले. म्हशीचे पैसे मी देतो," एवढेच ते म्हणाले. दादांनी पैसे घेतले नाहीत. पण मला मात्र आप्पांना काही बोलण्याचा अधिकार वाटेना. "करा" म्हणणारा मीच होतो.

मागाहून उकल झाली ती अशी. कुट्टीच्या यंत्राकडे जाणारी केबल सांगाड्याजवळ उंदरांनी कुरतडली होती. पावसाची ओल तेथे शिरली आणि वीज लोखंडात उतरू लागली. यंत्राला अर्थिंग होते, पण ते म्हणजे भिंतीलगतच्या मुरमात ठोकलेली दोन फुटांची सळई. अशा सळईला जमिनीचा विरोध ४० ओहम धरला, तर २३० भागिले ४०, म्हणजे पावणेसहा अँपियर वीज जमिनीत जाते. फ्यूज होता १६ अँपियरचा. तो वितळणार कसा? म्हणजे फ्यूज शाबूत, सळई जागेवर आणि सांगाडा मात्र जिवंत.

ई.एल.सी.बी.चे काम याहून वेगळे असते. एका तारेने घरात गेलेली वीज दुसऱ्या तारेने तितकीच परत येते की नाही, याचा तो सतत ताळा पाहतो. घरासाठी बसवतात त्या प्रकारात ३० मिलिअँपियरचा फरक पडला की तो डोळ्याचे पाते लवते न लवते तोच पुरवठा तोडतो. हा आकडा १६ अँपियरच्या पाचशेव्या हिश्शाहूनही कमी आहे. एवढी बारीक गळती फ्यूजला कळत नाही, पण माणसाच्या छातीतून ती काही वेळ गेली तर हृदयाची लय बिघडू शकते. जनावर तर त्याहून नाजूक. त्याचे पुढचे आणि मागचे पाय लांब अंतरावर, खूर ओल्या जमिनीत, आणि काळीज त्या वाटेवरच.

म्हणजे तो डबा बाद नव्हता. त्या संध्याकाळी घरात खरे बोलणारा तो एकटाच होता आणि आम्ही दोघांनी मिळून त्याचे तोंड बंद केले.

आप्पांना काम येत नव्हते असे मुळीच नाही. त्यांनी शिकले ते १९८४ पर्यंतचे. आपल्या देशाची राष्ट्रीय विद्युत संहिता प्रथम निघाली १९८५ साली. २०११ मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली आणि २०२३ मध्ये पुन्हा नवी. अर्थिंगचे भारतीय मानक १९८७ साली सुधारले आणि २०१८ साली पुन्हा सुधारले. हे सारे आप्पांच्या परमिटानंतरचे. "इतक्या वेळा परमिट नवे करून आणले," ते मला म्हणाले, "फॉर्म भरला, फी भरली, कागद मिळाला. बाबा रे, मधल्या काळात नवे काय शिकलास, असे मला कुणी विचारले नाही. मीही कुणाला विचारले नाही."

हे ऐकून मी माझ्याकडे पाहिले. मी कृषी पदवीचा अभ्यास करीत होतो तेव्हा किडींसाठी बीएचसीची भुकटी धुरळण्याची शिफारस आमच्या पुस्तकात होती. १९९७ साली तिच्यावर बंदी आली. एंडोसल्फान मी स्वतः शेतकऱ्यांना सांगत असे, ते २०११ साली बंद झाले. बीटी कापूस २००२ साली आला तेव्हा बोंडअळीचा प्रश्न मिटला असे वाटले. पुढे गुलाबी बोंडअळी त्यालाही पुरून उरली आणि आम्हाला कामगंध सापळ्यांचा धडा नव्याने गिरवावा लागला. मी जर माझ्या पदवीवरच विसंबून राहिलो असतो, तर आज शेतकऱ्याला बंदी घातलेले औषध सांगत फिरलो असतो. तसे झाले नाही याचे श्रेय माझ्या हुशारीला नाही. दर हंगामापूर्वी आम्हाला बोलावून बसवतात आणि चारही कृषी विद्यापीठांच्या शिफारशी दरवर्षी नव्याने तपासल्या जातात, म्हणून. आप्पांना कुणी बोलावून बसवले नाही, एवढाच काय तो फरक.

मग मी तालुक्याच्या आय.टी.आय.तील ओळखीच्या एका शिक्षकांना गाठले. श्रावणातल्या एका रविवारी आसपासच्या गावांतल्या वायरमन लोकांना दिवसभर शिकवायचे त्यांनी कबूल केले. आप्पा आधी तयार होईनात. "या वयात पाटी घेऊन बसू का? पोरे हसतील. आणि दिवसाचा रोज बुडेल तो वेगळाच." मी म्हणालो, "आप्पा, मीही येतो. दोघे मिळून शेवटच्या बाकावर बसू."

पंधरा-सोळा जण जमले होते. शिक्षकांनी भाषण केले नाही. ओल्या मातीची एक कुंडी आणली, बोर्डावर दिवा आणि ई.एल.सी.बी. जोडला आणि स्वतःच्या देखरेखीखाली एक तार त्या मातीत सोडली. खटकन डबा पडला. मग त्या जागी नुसता फ्यूज लावून तेच केले. काहीच झाले नाही, दिवा जळतच राहिला. आप्पा कुंडीकडे बराच वेळ पाहत होते.

त्यानंतर गळती शोधायची कशी ते दाखवले. सगळ्या शाखा बंद करून एकेक चालू करायची. जी चालू करताच डबा पडेल, त्या वाटेवर दोष. मग मेगरने तारेचे आवरण तपासायचे. ओलीत चालणाऱ्या मोटारींसाठी वेगळ्या क्षमतेचा रक्षक लागू शकतो, तो हिशेब करून निवडायचा, पण काढून टाकायचा नाही. अर्थिंगचा विषय निघाला तेव्हा मलाही चार शब्द सांगता आले. आपली भारी काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, माती पाइपाला सोडून जाते. मुरमात तर ओल टिकतच नाही. म्हणून अर्थिंगचा पाइप निदान अडीच मीटर लांबीचा हवा, तो ओल असेल तिथवर जायला हवा आणि उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणी घालायला हवे. माती ओळखणारा आणि तारा ओळखणारा एकत्र बसले तर दोघांचेही काम सुधारते, हे मला त्या दिवशी कळले.

सौर पंपाचा प्रश्न आप्पांनीच काढला. २०१९ साली कुसुम योजना आली आणि तेव्हापासून आमच्या शिवारात पंपांचे पत्रे चमकू लागले. आज तर राज्यात 'मागेल त्याला सौर कृषी पंप' ही योजना आहे. एका पोराने चालू पंपाची वायर ओढून काढली आणि त्याचा हात भाजला, तसे का झाले, असे आप्पांनी विचारले. शिक्षकांनी सांगितले, आपल्या घरातली वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, त्यामुळे ठिणगी विझायला वाव मिळतो. पत्र्यांची वीज एकाच दिशेने वाहते. तिची ठिणगी तशीच ताणली जाते. शिवाय ऊन आहे तोवर पत्रे बंद होत नाहीत. म्हणून आधी कंट्रोलर थांबवायचा, मग डी.सी.चा खास स्विच पाडायचा आणि त्यानंतरच जोडणीला हात लावायचा. ३८ वर्षे वीज हाताळलेल्या आप्पांना हे नवे होते. त्यांनी ते वहीत उतरवून घेतले.

जेवणानंतर शिक्षकांनी अमेरिकेची हकिकत सांगितली. तेथे विजेच्या कामाचे परवाने बहुतेक राज्ये स्वतः देतात आणि अनेक राज्यांत परवाना नवा करण्याआधी ठरावीक तासांचे शिक्षण पुरे करावे लागते. टेक्सासमध्ये दरवर्षी चार तास, मिनेसोटात दोन वर्षांत सोळा तास. कारण त्यांची विद्युत संहिता, जी १८९७ साली प्रथम निघाली, ती दर तीन वर्षांनी सुधारली जाते. न्हाणीघरातल्या आणि घराबाहेरच्या सॉकेटला गळतीरक्षक हवा, हा नियम त्यांच्या संहितेत १९७० नंतरच्या दशकात आला. १९६५ साली परवाना घेतलेल्या माणसाला तो कुणीतरी सांगायलाच हवा होता.

आप्पांनी विचारले, "चार तासांत माणूस काय शिकणार?"

शिक्षक म्हणाले, "आप्पा, चार तासांत सारे येत नाही. पण आपल्याला काय येत नाही, ते कळते."

नुसते तास भरले म्हणजे शिक्षण झाले असेही नाही. चहा आणि सहीपुरता बसलो, अशी काही प्रशिक्षणे मीही केली आहेत. पण बोलावणेच नसेल, तर मनापासून शिकू पाहणाराही घरीच राहतो. आपल्याकडे कायदा सांगतो की दिवा, पंखा, फ्यूज बदलण्यासारखी किरकोळ कामे सोडली तर जोडणीचे काम परवानाधारक ठेकेदारामार्फत, परमिटवाल्या माणसानेच करावे. तो नियम रास्त आहे. त्या परमिटाबरोबर दोन-तीन वर्षांतून एकदा एक दिवसाचे, मराठीतून, तालुक्याच्या गावी आणि बुडालेल्या रोजाची भरपाई देऊन शिक्षण जोडले, तर त्या नियमाला अर्थ येईल.

तोवर शेतकरी कुटुंबांनी काय करावे? वायरमनला काम देताना त्याचे परमिट जरूर पाहावे, पण त्याबरोबर आदराने दोन प्रश्नही विचारावेत. आमच्या घराच्या अर्थिंगचा विरोध मोजून देता का? आणि ई.एल.सी.बी. वारंवार पडला तर तुम्ही काय करता? "काढून टाकतो" असे उत्तर आले, तर त्याला तालुक्याला धाडायची खटपट गावाने करावी. त्यात त्याचा अपमान नाही.

त्या रविवारी परतताना एस.टी.त आप्पा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पिशवी घेऊन बाहेर पडले. आजवर ज्या ज्या घरांतला ई.एल.सी.बी. त्यांनी 'डायरेक्ट' केला होता, ती घरे त्यांनी आठवून वहीत लिहिली होती. अकरा निघाली. आठवडाभरात त्यांनी अकराही घरी जाऊन गळती शोधली आणि रक्षक पुन्हा जोडला. कुणाकडून पैसा घेतला नाही. शेवटी आमच्या घरी आले.

बोर्डावरचे 'टी' अक्षराचे बटण त्यांनी वहिनींना दाखवले. ते दाबले की डबा पडायलाच हवा. पडला नाही, तर तो खरोखरच बाद. महिन्यातून एकदा तरी दाबत जा, असे सांगून ते गेले.

वहिनींना तारखा लक्षात राहत नाहीत, म्हणून त्यांनी पौर्णिमा धरली आहे. दर पौर्णिमेला संध्याकाळी देवापाशी दिवा लावण्याआधी त्या बटण दाबतात. घरभर अंधार होतो, खटका पुन्हा वर होतो, आणि मग त्या धारा काढायला गोठ्यात जातात.