चाळिशीनंतरचें वैद्यकशिक्षण

वैद्यकाच्या पहिल्या वर्गांत कोणत्या वयापर्यंत बसावें, हा प्रश्न आमच्या घरीं केवळ वादाचा राहिला नाहीं. २०२२ सालीं ‘नीट’ परीक्षेची वयोमर्यादा उठली, आणि दोन मुलांची आई असलेल्या आमच्या सौभाग्यवतींनीं एकेचाळिसाव्या वर्षीं ती परीक्षा दिली. गुण बरे मिळाले. पण कोल्हापुरच्या सरकारी महाविद्यालयापुरते नव्हेत. दोन वाटा उरल्या: गांवांतलें खासगी महाविद्यालय, किंवा गगनबावड्याचा घाट उतरून ओरोसचें सरकारी. पहिल्या वाटेनें शुल्कापायीं घर गहाण पडतें. दुसरीनें घर राहतें, पण घरची गृहिणी साडेपांच वर्षें बाहेर.

आप्तांनीं आनंदीबाई जोशींचा दाखला दिला. त्यांच्या शिक्षणासाठीं गोपाळरावांनीं मिशनरी विल्डर यांस पत्र लिहिलें तें १८७८ सालीं, कोल्हापुराहूनच. आणि १८८६ त पदवी मिळाल्यावर नेमणूक झाली तीही येथल्याच आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयांत. परंतु १८८३ त त्या समुद्र ओलांडून गेल्या, तेव्हां मागें वाट पाहणारें मूल नव्हतें. तें दहा दिवसांचें होऊन आधींच गेलें होतें. दाखला धैर्याचा खरा, हिशेबाचा नव्हे.

हिशेब आम्हांसच करावा लागला. पदवी हातीं येईल तेव्हां त्या सत्तेचाळिशीच्या घरांत असतील. कर्ज फेडण्यास लागणारीं वर्षें तरुण विद्यार्थ्यापाशीं असतात, आमच्यापाशीं नाहींत. विरह मात्र सुटीगणिक थोडाथोडा फिटतो. म्हणून ओरोस ठरलें. धाकटीनें एकच अट घातली: सुटीच्या दिवशीं आमटी आईच्याच हातची. ती मान्य झाली. इतर दिवसांची आम्ही शिकत आहों.